आभाळातील दिवे आणि त्यांची चौकशी

बऱ्हाणपूर जिल्ह्याच्या खकनार तहसिलीत, महाराष्ट्राच्या सीमेजवळ, डोईफोडिया नावाचे गाव आहे. हे नाव प्रथमच ऐकणाऱ्या मराठी माणसाला थोडे हसू येते, आणि मग त्याचा हात नकळत स्वतःच्या डोक्याकडे जातो. त्या नावामागची कथा काहीही असो. आकाशातून पडणाऱ्या वस्तूंविषयी चार शब्द लिहायचे ठरविल्यावर हेच गाव प्रथम आठवावे, हे स्वाभाविक म्हणावे लागेल. त्याला नावापलीकडचेही एक कारण आहे.

शनिवार, २ एप्रिल २०२२ हा गुढीपाडव्याचा दिवस होता. गुढ्या उतरवून झाल्या होत्या, अमावास्या नुकतीच सरल्याने आकाश चांगलेच काळोखे होते. रात्री पावणेआठ ते आठच्या सुमारास मध्य प्रदेशातील झाबुआ-बडवानीकडच्या लोकांना आणि महाराष्ट्रात विदर्भापर्यंतच्या अनेकांना आकाशात दिव्यांची एक माळ सरकताना दिसली. पुढे एक-दोन ठळक ज्योती, त्यांच्यामागे लहानमोठे ठिपके, आणि प्रत्येकाला लांब शेपूट. नकाशावर बडवानीपासून चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाहीपर्यंत सरळ रेघ ओढली, तर ती बऱ्हाणपूर जिल्ह्यावरून जाते. त्या वेळी डोईफोडियाच्या एखाद्या अंगणात कोणी बाज टाकून पडला असेल, तर त्याला ती माळ चांगल्याच उंच आकाशात दिसली असणार.

थोड्याच वेळात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी या गावी मोकळ्या जागेत एक धातूचे कडे येऊन पडलेले आढळले. त्याचा व्यास दोन-तीन मीटर आणि वजन चाळीस किलोच्या आसपास भरले. पुढे त्याच तालुक्यात पवनपार येथे दीड फुटाएवढा एक गोळाही मिळाला. कोणालाही इजा झाली नाही, हे सुदैव. वस्तू पोलीस ठाण्यात ठेवण्यात आल्या आणि काही दिवसांतच भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे, म्हणजे आपल्या परिचयाच्या 'इस्रो'चे, शास्त्रज्ञ पाहणीसाठी येऊन पोहोचले.

या घटनेत सनसनाटी पुष्कळ होती. ती त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी छापली आणि पुढच्या आठवड्यात वाचक विसरलेही. या स्तंभात विचार करायचा आहे तो निराळ्या गोष्टीचा. आकाशात अनोळखी दिवा दिसला, की त्याची चौकशी होते ती कशाच्या आधारावर? दुर्बिणी, रडार, संगणक ही साधने मोठ्या संस्थांपाशी असतात, हे खरे. परंतु असा दिवा बहुधा दुर्बिणीच्या समोर उगवत नाही. तो उगवतो रानातून घरी परतणाऱ्या गुराख्याच्या, केळीच्या बागेला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याच्या, गच्चीवर वाळवण झाकायला गेलेल्या गृहिणीच्या समोर. चौकशीचा पहिला कागद त्यांच्या तोंडच्या शब्दांचाच असतो. ते शब्द नेमके असले, आणि ते ऐकून घेणारा माणूस हसला नाही, तर पुढची सारी विद्या कामाला येते.

पाडव्याच्या रात्रीचेच पाहा. पहिला अंदाज निघाला तो उल्कांचा. उज्जैनच्या जीवाजी वेधशाळेकडूनही त्या रात्री तोच संभव बोलून दाखविण्यात आला. ही वेधशाळा सवाई जयसिंगाने उभारलेली. शिंदे संस्थानच्या काळात १९२३ साली तिचा जीर्णोद्धार झाला. माळव्यातील मराठी घरांना तिच्याविषयी आपुलकी आहे. दुसरा अंदाज आला तो महाराष्ट्रातील खगोलअभ्यासकांकडून: त्याच सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास न्यूझीलंडमधून 'इलेक्ट्रॉन' नावाचे एक रॉकेट उडाले होते, तेव्हा हा त्याचाच टाकून दिलेला भाग असावा. दोन्ही अंदाजांना त्या घटकेला आधार होता. तिसरे उत्तर दिले ते जोनाथन मॅकडॉवेल या अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञाने. आजवर अवकाशात गेलेल्या रॉकेटांची आणि उपग्रहांची तपशीलवार वही हा गृहस्थ वर्षानुवर्षे ठेवीत आला आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या 'चांग झेंग ३ बी' रॉकेटाचा तिसरा टप्पा तेव्हापासून पृथ्वीभोवती फिरत होता. फिरता फिरता तो खाली येत होता आणि त्याच तासाभरात तो वातावरणात शिरणे अपेक्षित होते. त्याचा मार्ग आणि लोकांनी पाहिलेला मार्ग एकमेकांशी चांगले जुळले.

जुळले, हा शब्द महत्त्वाचा आहे. वहीत मार्ग होता. परंतु तो कोणत्या प्रकाशाशी जुळवायचा, हे ठरले ते निमाडापासून विदर्भापर्यंतच्या सामान्य लोकांनी सांगितलेल्या वेळेवरून आणि दिशेवरून. एका गावाने वेळ सांगितली, दुसऱ्याने दिशा सांगितली, तिसऱ्या गावात कडे पडले. या तिन्ही गोष्टी एका रेघेवर आल्या तेव्हा संशयाला फारशी जागा उरली नाही.

उल्का आणि रॉकेटाचा तुकडा यांतील भेद समजून घेणे अवघड नाही. उल्का सूर्याभोवतीच्या प्रवासातून येते; तिचा वेग सेकंदाला अकरा किलोमीटरपासून बहात्तर किलोमीटरपर्यंत असू शकतो. म्हणूनच आपण 'तारा तुटला' असे म्हणेपर्यंत तो विझलेला असतो. पृथ्वीभोवती फिरणारी मानवनिर्मित वस्तू त्या मानाने सावकाश येते. सेकंदाला सात-आठ किलोमीटर हा तिचा वेग. शिवाय ती जमिनीला जवळजवळ समांतर अशी वातावरणात शिरते, सत्तर-ऐंशी किलोमीटर उंचीवर तापून फुटते, आणि तिचे तुकडे एकामागून एक रांगेने चालू लागतात. बडवानीहून सिंदेवाही सुमारे सव्वापाचशे ते साडेपाचशे किलोमीटर. हे अंतर कापायला अशा वस्तूला एक मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागतो. म्हणजे 'मी आत जाऊन मुलांना बाहेर बोलावून आणले, तरी ते दिसतच होते', असे एखाद्या माउलीने सांगितले, तर त्या एका वाक्याने उल्केचा संभव जवळजवळ संपतो. शास्त्रज्ञाला हवी असलेली माहिती ती हीच.

आपल्याकडे ही पाहण्याची परंपरा जुनी आहे. उज्जैनच्या परिसरात होऊन गेलेल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत उल्कांवर एक स्वतंत्र अध्यायच लिहिला आहे. धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत् आणि तारा असे पडणाऱ्या तेजाचे पाच प्रकार त्याने केले. त्यांवरून काढलेली शुभाशुभ फळे आज आपण बाजूला ठेवू. परंतु आधी आकार, शेपूट, आवाज व गती पाहावी, वर्गवारी करावी आणि मगच बोलावे, ही त्याची शिस्त दीड हजार वर्षांनंतरही जुनी झालेली नाही.

या शिस्तीचे उत्तम उदाहरण शेजारच्या गुजरातेत घडले. २८ जानेवारी १९७६ रोजी रात्री पावणेनऊच्या सुमारास सौराष्ट्रावर एक प्रखर अग्निगोल दिसला आणि सुरेंद्रनगर जिल्ह्यातील धजाळा गावाच्या आसपास दगडांचा वर्षाव झाला. अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेने शोध हाती घेतला. दगड गोळा झालेच. पण त्याहून मोलाचे असे की, ज्यांनी तो गोल पाहिला त्यांच्या सांगण्यावरून शास्त्रज्ञांनी त्याचा आकाशातील मार्ग आणि मग त्याची सूर्याभोवतीची मूळ कक्षाही गणिताने मांडली. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यातून आलेला तो पाहुणा होता. कॅमेरे नसताना, केवळ माणसांच्या स्मरणावरून एका दगडाचे आकाशातील घर सापडावे, ही गोष्ट विज्ञानाइतकीच त्या साक्षीदारांच्याही प्रामाणिकपणाची आहे.

दुसरे उदाहरण लडाखचे. तेथे साक्षीदार सामान्य नागरिक नव्हते, सरहद्दीवर डोळ्यांत तेल घालून बसलेले आपले जवान होते. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात त्यांनी एका सरोवरावर तीनशेहून अधिक वेळा अनोळखी तेजस्वी वस्तू पाहून त्यांची नोंद केली. त्यांतील दीडशेहून अधिक वेळा त्या सीमारेषा ओलांडून आल्याचे त्यांना वाटले. पलीकडच्या देशाची ही टेहळणी विमाने असावीत, हा संशय बळावला. सीमेवर असा संशय ही हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट नव्हे. तेथे एका चुकीच्या निष्कर्षाची किंमत फार मोठी होऊ शकते. अखेरीस बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना विचारण्यात आले. त्यांनी नोंदी आकाशाच्या गणिताशी ताडून पाहिल्या आणि सांगितले की, हे शुक्र आणि गुरू आहेत.

हे वाचून कोणी जवानांना हसेल, तर तो अन्याय होईल. उंच पहाडावरील विरळ, स्वच्छ हवेत क्षितिजालगतचा शुक्र किती प्रखर दिसतो आणि टक लावून पाहिले की कसा हलल्यासारखा भासतो, हे ज्याने पाहिले आहे तोच जाणे. मुख्य म्हणजे जवानांनी प्रत्येक वेळेची नोंद ठेवली होती, म्हणूनच त्या वस्तूंचे खरे स्वरूप कळू शकले. नोंद करणाऱ्याचा तर्क चुकला तरी चालते. नोंद चुकता कामा नये.

परदेशांतील सरकारी चौकशांचा इतिहास पाहिला, तर तेथे दोन रोग दिसतात: एक गुप्ततेचा, दुसरा टवाळीचा. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या अमेरिकन वैमानिकाने नऊ चमकत्या वस्तू पाहिल्याचे सांगितले आणि 'उडत्या तबकड्या' हा शब्द जगभर रूढ झाला. अमेरिकेच्या वायुदलाने चौकशी सुरू केली. तिचे सर्वांत दीर्घ पर्व 'प्रोजेक्ट ब्लू बुक' या नावाने १९५२ पासून १९६९ पर्यंत चालले. एकूण १२,६१८ प्रकरणे नोंदली गेली आणि त्यांतील ७०१ अखेरपर्यंत अनोळखी राहिली. आता ७०१ हा आकडा परग्रहवासीयांचा पुरावा म्हणून मिरविणारे लोक आहेत, आणि बाकीच्या बारा हजारांकडे बोट दाखवून सारेच साक्षीदार भाबडे ठरविणारेही आहेत. दोघांनाही एकच सांगावेसे वाटते: ज्याची ओळख पटली नाही ते अनोळखी, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. पुष्कळ प्रकरणे अनोळखी राहतात, कारण माहितीच तोकडी असते. वेळ लिहिलेली नसते, दिशा आठवत नसते, किंवा साक्षीदाराला एव्हाना इतके छळलेले असते, की तो बोलायलाच तयार होत नाही.

फ्रान्सने निराळी वाट धरली. १९७७ साली तेथील राष्ट्रीय अवकाश संस्थेतच या कामासाठी एक छोटा विभाग स्थापन झाला. तो आजही, बदललेल्या नावाने, काम करतो. सामान्य माणसाच्या तक्रारी पोलिसांकडून तेथे जातात, शास्त्रज्ञ त्या तपासतात, प्रत्येक प्रकरणाला 'ओळख पटली', 'बहुधा पटली', 'माहिती अपुरी' किंवा 'माहिती पुरेशी असूनही उलगडा नाही' असा शेरा दिला जातो, आणि २००७ पासून ही दप्तरे सर्वांना वाचायला खुली आहेत. शेवटच्या दोन शेऱ्यांतील फरक वाचकांनी अवश्य लक्षात घ्यावा. 'आम्हांला पुरेसे सांगितले गेले नाही' आणि 'सारे सांगूनही आम्हांला उमगले नाही' या अगदी भिन्न गोष्टी आहेत. प्रामाणिक चौकशी त्या एकाच पिशवीत कोंबीत नाही. अमेरिकेच्या 'नासा'ने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये आपला अहवाल दिला. त्यातही, परग्रहावरून कोणी आल्याचा पुरावा आढळत नाही, असे सांगतानाच, साक्षीदारांना वाटणारी बदनामीची भीती हा माहिती मिळविण्याच्या मार्गातील मोठा अडसर असल्याचे नमूद केले आहे.

आता पुन्हा आपल्या मुलखाकडे वळू. ज्यांनी साठी ओलांडली आहे, त्यांना १९७९ सालची स्कायलॅबची धास्ती आठवत असेल. सत्त्याहत्तर टनांची ती अमेरिकन अवकाशशाळा आपल्याच गावावर कोसळणार, या भीतीने कित्येक ठिकाणी लोकांची झोप उडाली होती. ११ जुलै १९७९ रोजी ती हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडली. आपल्याकडे काहीच आले नाही. २०२२ साली उलट झाले. आधी कोणतीही हाकाटी नव्हती, आणि कडे मात्र खरोखरच वस्तीपाशी येऊन पडले. त्याच वर्षी मे महिन्यात गुजरातेतील आणंद जिल्ह्यातही आकाशातून धातूचे गोळे पडले. अवकाशातील रहदारी वाढते आहे, आणि जे वर जाते त्याचा काही भाग केव्हातरी खाली येणार आहे. तो अमुक एका माणसाच्या अंगावर पडण्याचा संभव अत्यल्प असला, तरी भीतीला संभवाचे गणित पटत नाही. तिला पटते ते वेळीच आणि सरळ भाषेत दिलेले उत्तर.

कायदा येथे दुबळा नाही. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, एखाद्या देशाने सोडलेल्या अवकाशवस्तूमुळे जमिनीवर नुकसान झाले, तर तो देश भरपाईला बांधील असतो. त्याची चूक होती की नव्हती, हे सिद्ध करावे लागत नाही. २४ जानेवारी १९७८ रोजी सोव्हिएत संघाचा 'कॉसमॉस ९५४' हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडाच्या बर्फाळ प्रदेशावर कोसळला, तेव्हा कॅनडाने साफसफाईचा खर्च मागितला आणि १९८१ साली तीस लक्ष कॅनेडियन डॉलर मिळविले. मात्र भरपाई मागायची तर वस्तू कोणाची, हे आधी सिद्ध व्हायला हवे. आणि ते सिद्ध व्हायला पुन्हा तीच वेळ, तीच दिशा आणि जागचा न हललेला तुकडा लागतो. तुकड्यावर मालकीही सोडणाऱ्या देशाचीच राहते. तो घरी नेऊन शोभेला ठेवणे किंवा भंगारवाल्याला विकणे म्हणजे पुरावा नाहीसा करणे होय.

म्हणून वाचकांना, विशेषतः खेड्यापाड्यांत आणि शेतांवर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना, काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. आकाशात अनोळखी दिवा दिसला, तर प्रथम घड्याळ पाहावे. तो कोठून आला आणि कोठे गेला, हे दिशांच्या नावांनी सांगता येत नसेल, तर घर, विहीर, चिंच, टेकडी अशा खुणांनी सांगावे. खूण जागेवर राहते, दिशा मागाहून काढता येते. उंची हाताने मोजावी: हात ताठ लांब करून धरलेली मूठ आकाशात साधारण दहा अंश झाकते, अंगठा दोन अंश, आणि फाकलेली वीत वीस अंशांहून थोडे अधिक. किती वेळ दिसला, रंग कोणता, आवाज आला का आणि आला तर प्रकाशानंतर किती वेळाने, हे दुसऱ्या कोणाशी बोलण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवावे. कारण चार जणांत चर्चा झाली, की चौघांची आठवण एकच होऊन बसते. मोबाईलवर चित्रण केले असेल, तर मूळ चित्रण जपून ठेवावे. व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढे पाठविलेल्या प्रतीत घेतल्याची वेळ व स्थळ टिकत नाही, आणि मग गेल्या वर्षीचे चित्रण यंदाचे म्हणून गावोगाव फिरत राहते.

काही पडलेले आढळले, तर हात लावू नये. काही रॉकेटांत हायड्रॅझिनसारखे अत्यंत विषारी इंधन वापरलेले असते. मुलांना आणि गुरांना दूर ठेवावे. इकडे कोटवार किंवा पटवारी, तिकडे पोलीस पाटील किंवा तलाठी, आणि दोन्हीकडे जवळचे पोलीस ठाणे, यांपैकी कोणालाही कळविले तरी पुरते. दगड असला तरी कळवावे, कारण आकाशातून पडलेल्या पाषाणांचे जतन करणे हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे काम आहे.

अधिकाऱ्यांकडूनही एक अपेक्षा आहे. चौकशीला आलेली गाडी धुरळा उडवून निघून जाते आणि उत्तर मात्र मोठ्या शहरातील इंग्रजी वर्तमानपत्रात कोठेतरी छापून येते, असे होऊ नये. ज्या गावाने वेळ सांगितली, ज्याने वस्तू जपून ठेवली, त्या गावाला त्याच्या भाषेत, मराठीत, हिंदीत अथवा कोरकूत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चार ओळींचे उत्तर मिळाले पाहिजे. 'हा अमुक रॉकेटाचा भाग होता' असे ते उत्तर असेल, किंवा 'अजून उलगडा झालेला नाही' असे असेल. दुसरे उत्तर देण्यात कमीपणा नाही. उत्तरच न देण्यात मात्र आहे. कारण रिकाम्या राहिलेल्या जागेत अफवा येऊन बसते, आणि पुढच्या वेळी दिवा दिसला तरी कोणी काही सांगायला येत नाही.

आपल्या घरांतून पंचांग असतेच. त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर अशा नोंदींसाठी दोन बोटे जागा राखून ठेवावी: तारीख, वेळ, कोठून कोठे, किती वेळ. अनेक वर्षे त्या जागेवर काहीही लिहिले जाणार नाही, हे शक्य आहे. परंतु ज्या रात्री लिहिले जाईल, त्या रात्री डोईफोडियाच्या एखाद्या ओसरीवरील ती एक ओळ बंगळूरच्या किंवा अहमदाबादच्या शास्त्रज्ञाला हवी असेल.